चाऱ्याच्या गाडीतून हरीण

शुक्रवारची दुपार कलली होती. पिकअपचा मागचा फाळका पाडून मी आणि माझी बायको त्यावर पाय लोंबकळत बसलो होतो आणि ती माझ्या बांगड्यातले काटे काढत होती. मोतीबिंदूने माझे डोळे गढूळ झालेले. रस्ता दिसायचा, काटा दिसायचा नाही. म्हणून काटे काढायचं काम तिचं. ती मासा सोडवून खुबुसाच्या रोटीवर ठेवायची आणि म्हणायची, "घ्या शिकारी, खा. हरीण नाय तर बांगडा."

मी म्हणालो, "हळू बोल. वारा तिकडेच जातोय."

"वाऱ्यावरून माझा आवाज जातो, मग बांगड्याचा वास जात नाय?"

तळलेला मासा घेऊन हरणाच्या वाटेवर बसलेलं माझ्या बापाने बघितलं असतं तर मला घरात घेतलं नसतं. पण तिला साखरेच्या गोळ्या चालू होत्या, वेळेवर खावं लागायचं. तेव्हा मासा खाल्ला, बाटलीच्या पाण्याने हात धुतले, थर्मासमधला बिनसाखरेचा चहा दोघांत घेतला. आम्ही मिळून केलेलं शेवटचं साधं काम ते. मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी बडबड कमी केली असती, किंवा कोण जाणे, जास्तच केली असती.

आता हे हरणाचं काय खूळ, ते सांगायला पाहिजे.

मी रत्नागिरीच्या खाडीकाठचा. शाळा चौथीत सुटली. मी तिला कंटाळलो की ती मला, ते आता आठवत नाही. पण रानात मी हुशार होतो. आज्याची ठासणीची बंदूक बापाकडे होती. गावात हाका असला, म्हणजे माणसांनी डबे बडवत जनावर उठवायचं आणि बंदूकवाल्याने त्याच्या वाटेवर दबा धरून बसायचं असं ठरलं, की कुठलं रान घ्यायचं हे मोठी माणसं मला विचारत. मी भेकराची लेंडी चिमटीत धरून सांगायचो, सकाळची की कालची. माझ्या सासऱ्याने मुलगी दिली ती ह्यावरच. त्याला वाटलं, जावई शिकारी आहे, पोरीला मटणाची ददात नाही.

लग्न झालं आणि त्याच सुमाराला कायदा कडक झाला. बापाने बंदूक चौकीवर जमा केली. बायकोला भेकराचा तुकडा मिळाला नाही की शेपूट दिसलं नाही. "माझ्या बापाला फसवलंत," हे वाक्य तिने सगळ्या संसारात मिठासारखं वापरलं. थोडंसंच, पण रोज.

नव्वद साल उलटल्यावर मी ओमानला आलो, खाबुऱ्याला. माझ्या अर्बाबचं, म्हणजे मालकाचं, लसूणघासाचं शेत होतं. घास कापायचा, पेंढ्या बांधायच्या, पिकअपमध्ये रचायच्या आणि आसपासच्या शेळीवाल्यांना नेऊन द्यायच्या, हे माझं काम. काही वर्षांनी तीही आली, अर्बाबच्या घरी स्वयंपाकाला. मुलं तोवर हाताशी आली होती. शेताच्या मागच्या अंगाला आम्हाला एक खोली मिळाली. भिंतीपलीकडे वसईचं एक ख्रिस्ती जोडपं राहायचं. तो हॉटेलात वायरमन, आणि त्याची बायको आमच्या हिची जानी दोस्त. दोघी भिंतीवरून बोलायच्या. भिंत होती म्हणून, नाहीतर कामं झालीच नसती.

आल्या आल्याच मी अर्बाबला विचारलं होतं, इथे हरणाच्या शिकारीला चांगला मुलूख कुठला. तेव्हा मला अरबी येत नव्हतं. डोक्यावर दोन बोटं उभी करून विचारलं. त्याने दोन्ही मनगटं एकमेकांना जुळवून दाखवली. जेल. मग हसला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "बंदूक ममनू, सापळा ममनू, कुत्रा ममनू. डोळ्याने बघ, डोळ्याला बंदी नाही."

ही आल्यावर मी तिला ते सांगितलं. वाटलं, विषय मिटेल. ती म्हणाली, "मग बघूनच दाखवा. खायचं राहू दे. एक जिवंत हरीण मला दाखवा, म्हणजे माझा बाप सुटला."

ती हसत म्हणाली, पण मी मनावर घेतलं. शिकारी म्हणून दिलेली मुलगी आणि तिला साधं हरीण दिसू नये, म्हणजे काय!

कोकणी माणूस हरीण शोधायला कुठे जाणार? जिथे हिरवं, जिथे पाणी, जिथे सावली. पहिला शुक्रवार आम्ही रुस्ताकच्या आत एका वादीत, म्हणजे डोंगरातल्या ओढ्याच्या खोऱ्यात गेलो. वाहतं पाणी, खजुरीच्या बागा, काठाने गवत. मी मनात म्हटलं, असं रान गावी असतं तर दोन भेकरं नक्की. सकाळपासून दगडाआड दबा धरून बसलो. दोन गाढवं आली. मग एक ओमानी कुटुंब पोराबाळांसकट आलं, त्यांनी चटई अंथरली, आम्हाला दगडाआडून बाहेर काढलं आणि परातभर भात-मटण पुढे ठेवलं. हिने पोटभर जेवून घेतलं. परत येताना म्हणाली, "मुलूख चांगला निवडलात. दावत झाली."

अर्बाबला सांगितलं तर तो गादीवर लोळून हसला. त्याच्या मते हरीण तिथे राहतं जिथे माणसाला काहीच नको असतं. दगड जास्त, झाड कमी, पाणी तर नाहीच. मला पटलं नाही. पण गाढवांपेक्षा बरं म्हणून मी खाबुऱ्याच्या मागचं मैदान घेतलं. उघडी खडी, मध्ये मध्ये बाभळीसारखी काटेरी झाडं, लांब डोंगर. वारा तोंडावर येईल अशी गाडी लावली. इंजिन बंद केलं. हिला म्हटलं, आता श्वासही हळू घे.

आणि आल्या. चहूकडून. शेळ्या.

एखाद-दुसरी नव्हे, सगळा कळप झाडांमागून धावत सुटला. गाडीला वेढा पडला. एक चाकावर पाय देऊन उभी, दोन मागे चढलेल्या, एकीने माझ्या खिडकीतून तोंड आत घातलं. हिने पदराचा बोळा तोंडात कोंबला तरी हसू आवरेना. "हाका झकास जमलाय!" ती म्हणाली. "फक्त जनावर आपण झालोय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी रोज ह्याच गाडीतून चारा वाटत होतो. त्या भागातली शेळीन् शेळी माझ्या इंजिनाचा आवाज ओळखायची. मागून त्यांची मालकीण काठी घेऊन आली, गाडी रिकामी बघून माझ्यावरच ओरडली, की चारा नाही तर जनावरांना उगाच कशाला धाववतोस. ही मला विचारते, "काय म्हणते ती?" मी म्हटलं, "सलाम सांगतेय." ही म्हणाली, "काठी दाखवून?"

तिथून पुढे चांगला मुलूख निवडायची माझी अक्कलच बदलली. पाणी, वारा, सावली, सगळं मागे पडलं. आता एकच कसोटी: जिथे मी कधी चारा टाकला नाही ती जागा. पण मला रस्ते ठाऊक झाले होते तेच मुळी चारा टाकून. ठाऊक असलेल्या रस्त्याला शेळी, आणि शेळी नाही तो रस्ता ठाऊक नाही. गाडी लांब लावून चालत जावं तर हिचे गुडघे. एकदा वसईवाल्याची छोटी गाडी मागून नेली, ती वाळूत रुतली. काढायला आला तो माझ्याच गिऱ्हाइकांपैकी एक, आणि त्याच्या मागून त्याच्या शेळ्या.

त्यात हिचा एक खोडसाळपणा होता. आमच्याकडे शिकारीला निघताना कुठे चाललो हे बोलायचं नाही आणि जनावराचं नावही काढायचं नाही. कोणी 'कुठे' विचारलं तर माघारी फिरून, पाणी पिऊन नव्याने निघायचं. मी चपला घालून उंबऱ्याबाहेर पाय टाकला की ही हटकून मोठ्याने विचारायची, "अवो, आज कुठे? सहमला का हरीण बघायला?" मी परत आत. पाणी. परत बाहेर. ती दारात थर्मास घेऊन उभी. "झालं पाणी पिऊन? चला तर मग, अमक्या ठिकाणी तमक्याला बघायला." भिंतीपलीकडे वसईवाली खुसुखुसु हसत असायची.

अशी वर्षं गेली. दर शुक्रवारी नाही. उन्हाळ्यात कोण जातो मरायला. पण थंडी पडली की आमचं सुरू व्हायचं. हरीण सोडून सगळं बघितलं. कोल्हा बघितला, उंट बघितले, बोराच्या झाडाखाली बसून बोरं खाल्ली. मस्कतला नोकरीला असलेला मुलगा म्हणायचा, "अब्बा, प्राणिसंग्रहालयात न्या अम्मीला, एका दिवसात काम होईल." मी म्हणालो, "पिंजऱ्यातलं हरीण दाखवायला तुझ्या आजोबाने मला मुलगी दिली नव्हती."

मग तिचं हृदय मोठं झालं. डॉक्टर तसंच म्हणाला, मोठं झालंय. चढायचं नाही, ओझं नाही, गाडीचे धक्के नाहीत. अर्बाबच्या घरच्यांनी तिला स्वयंपाकातून मोकळं केलं आणि राहू दिलं. ती दिवसभर खोलीत बसून असायची. मुलगा फोनवर मला बजावायचा, "आता हे फिरणं खलास, अब्बा. तिला आराम करू द्या."

मी आराम करू दिला. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की ती मला टोमणे मारत नाही. चहा उकळून सांडला तरी काही नाही. सदरा उलटा घालून कामावर गेलो तरी काही नाही. वसईवालीही एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊजी, ती आजकाल भिंतीपाशी येत नाय." मी जन्मात रानडुकराला घाबरलो नाही, पण त्या दिवशी घाबरलो.

रात्री जेवताना मुद्दाम विषय काढला. "एक नवा मुलूख बघून ठेवलाय."

तिने मान वर केली नाही. "तिथल्या शेळ्यांना कळवलंत काय?"

मला एवढं बरं वाटलं की मी आणखी भात वाढून घेतला.

खरं तर मुलूख वगैरे काही बघितलेला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून शोधायला लागलो. कसोट्या पुन्हा बदललेल्या. शेवटपर्यंत डांबरी रस्ता पाहिजे, धक्का नको. जवळ मशीद पाहिजे, तिला सारखं पाणी लागायचं आणि सारखं उठावं लागायचं. बसायला सावली पाहिजे. दवाखाना हाताशी पाहिजे. आणि ह्या सगळ्यात शेळी नको, हरीण पाहिजे. मी रोज जेवताना एकेक जागा सांगायचो आणि ती एकेक खोडून काढायची. "असला मुलूख तुम्ही शोधताय," ती म्हणाली, "की हरणाला यायचं तर टॅक्सीने यावं लागेल."

सापडला मात्र. सहमच्या मागे डोंगराकडे नवा डांबरी रस्ता झाला होता, पाण्याच्या एका टाकीपर्यंत, वाटेवर एक मशीदही होती. पुढे थोडीशी कच्ची वाट आणि मग मोकळं मैदान. वस्ती नाही म्हणून शेळी नाही, शेळी नाही म्हणून मी कधी गेलो नव्हतो. आठवड्याच्या मधल्या एका दिवशी रिकामी गाडी घेऊन वाट वाकडी करून तिकडे गेलो. एका काटेरी झाडाखाली लेंड्यांचा ढीग होता, जुन्या आणि ताज्या एकाच जागी. शेळी चालता चालता कुठेही टाकते. हरीण जागा ठरवून तिथेच जातं. मी गुडघ्यावर बसून चिमटीत धरून बघितली. कालची.

घरी येऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, "ठरलेल्या जागी जातं? म्हणजे तुमच्यापेक्षा वळण आहे त्याला."

तर तो शुक्रवार. गाडी मी अशी लावली होती की मागचा फाळका डोंगराकडे आणि तोंड रस्त्याकडे. चहा झाल्यावर मी उतरलो. येताना इंजिन तापलं होतं, म्हटलं पाणी बघावं. पुढे जाऊन बॉनेट उघडलं आणि डोकं आत घातलं. तेवढ्यात मागून तिचा आवाज आला, हलका.

"अवो."

मी म्हटलं, "थांब गो, झाकण गरम आहे."

"अवो, इकडे या. हळू."

मी घाईने डोकं वर काढलं ते बॉनेटवर आपटलं. दणकन आवाज झाला. मागे पोचलो तर ती डोंगराकडे बोट करून बसलेली.

"काय?"

"गेलं."

"काय गेलं?"

"तुमचं तमकं."

मी डोळे बारीक करून बघितलं. मला काय दिसणार, सगळं धुकंच. "शेळी असेल," मी म्हटलं.

"शेळी असती तर गाडीकडे धावत आली असती. हे गाडीपासून पळालं."

"रंग कसा होता?"

"चहासारखा. पोट पांढरं. शिंगं उभी."

"टीव्हीवर बघून सांगतेस."

"बरं, टीव्हीवर बघितलं," ती म्हणाली. "चला आता घरी. दमले मी."

ह्या 'दमले'ने माझ्या मनात किडा सोडला. मला वाटलं, ही मला मोकळं करतेय. मुलगा ओरडतो, डॉक्टर ओरडतो, हा म्हातारा काही ऐकत नाही. तेव्हा दिसलं म्हणून टाकावं, म्हणजे ह्याची वणवण थांबेल. तसली ती होती. ताप असला तरी मला बरं आहे म्हणून सांगायची. घरी येईपर्यंत मी तिची उलटतपासणी घेतली. किती लांब होतं? कुठल्या बाजूने गेलं? चालत गेलं की उडी मारून? शेवटी ती वैतागली. "माझा बाप सुटला, तुम्हीही सुटलात. खलास. आता गाडीकडे बघा, उंट येतोय समोर."

उंट खरंच होता.

गाडीतून उतरल्या उतरल्या तिने भिंतीवरून वसईवालीला हाक मारली. "अगो, दिसलं गो आज!"

"काय सांगतेस! भाऊजींनी दाखवलं?"

"ते इंजिनात होते!"

दोघी इतक्या हसल्या की मी आत जाऊन बसलो. खूप दिवसांनी ती भिंतीपाशी उभी होती. मला राग आला नाही. पण खरं काय ते कळेना.

मगरिबच्या नमाजाआधी जरा टेकते म्हणाली आणि टेकली. ती टेकलीच.

मुलगा मस्कतहून आला. शनिवारी दुपारी नमाजनंतर तिला खाबुऱ्याच्या कबरस्तानात ठेवलं. मुलाने विचारलं होतं, गावी न्यायचं का, अर्बाब सगळं करून देतो म्हणतायत. मी म्हटलं, नको. एवढ्या लांब नको. तिला धक्के चालत नाहीत.

संध्याकाळी माणसं येऊन बसली. वसईवाली रडून रडून सुजली होती. ती माझ्यापुढे उभी राहून म्हणाली, "एक बरं झालं भाऊजी. जायच्या आधी हरीण तरी बघितलं तिने." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुलगाही. माझ्या तोंडून हो निघेना आणि नाहीही निघेना. हो म्हणावं तर मी बघितलं नव्हतं. नाही म्हणावं तर तिला खोटं पाडल्यासारखं. मी खाली मान घालून बसलो. लोकांना वाटलं, दुःखाने बोलवत नाही. दुःख होतंच. पण त्या क्षणी मी एवढाच विचार करत होतो, की मी तिला हरीण दाखवलं की नाही?

दुसऱ्या दिवशी पहाटे फजरची नमाज पढलो. मुलगा झोपला होता. अर्बाबने कामावर येऊ नको सांगितलं होतं, तरी मी किल्ली घेतली.

टाकीपर्यंत डांबरी रस्त्याने गेलो आणि कच्च्या वाटेने पुढे. ह्या खेपेला गाडीचं तोंड डोंगराकडेच राहिलं. शुक्रवारच्या चाकांच्या खुणा तशाच होत्या, मधल्या दिवशी वारा सुटला नव्हता. फाळका जिथे होता तिथे मी उभा राहिलो, मग तिच्या उंचीला येईल इतका वाकलो आणि तिने बोट केलं होतं तिकडे चालत गेलो. खडीवर खूण राहत नाही. पुढे पावसाचं पाणी साचून सुकलेली एक जागा होती, भेगाळलेली चिकणमाती, वर भुकटीसारखी धूळ. तिथे मी गुडघ्यावर बसलो, चष्मा पुसला आणि नाक जमिनीला लागेल इतका खाली गेलो.

शेळीचं पाऊल रुंद, बोथट. हे तसं नव्हतं. अरुंद होतं, पुढे टोकदार, जशा दोन खजुराच्या बिया शेजारी ठेवाव्यात. आधी चारही पावलं जवळजवळ, म्हणजे उभं राहून बघत होतं. मग टोकं मातीत खोल रुतलेली, माती मागे उडालेली. पुढचं पाऊल पुरुषभर लांब. त्याच्या पुढचं त्याहून लांब. सगळी तोंडं डोंगराकडे, गाडीपासून दूर. आणि ताजी; धुळीची कड अजून ढासळली नव्हती. मी बॉनेटवर डोकं आपटलं तेव्हा ते पळालं असणार.

मी तिथेच मातीत बसून राहिलो. ऊन मानेवर आलं तेव्हा उठलो.

गाडी वळवायची तर पुढे घ्यावी लागली असती, आणि पुढे ती पावलं होती. म्हणून मी मान मागे वळवली आणि टाकीपर्यंत सगळी कच्ची वाट उलटी काढली. डोळ्यांना धड दिसत नाही. दोनदा चाक खडीत उतरलं. टाकीपाशी गाडी फिरवली, घरी आलो, मुलाला हलवून उठवलं आणि वसईवालीलाही भिंतीपाशी बोलावलं. दोघांना सांगितलं, "हरीणच होतं. मी जाऊन बघून आलोय."